शिसे किती, त्याआधी शिसे कुठे

गोसीखुर्दच्या जलाशयात पाठीला टाकी लावून मी पहिल्यांदा उतरलो, तेव्हा कमरेच्या पट्ट्यात सहा किलो शिसे होते. आकडा तारकर्लीहून आणलेला. तिथल्या समुद्रात पाच मिलिमीटर जाडीचा सूट घालून सहा किलोवर मी नीट तोलला जात होतो. शिकवणाऱ्यांनी तपासून तो आकडा वहीत लिहून दिला होता. शरीर तेच, सूट तोच, टाकी तशीच, म्हणून वजनही तेच ठेवले. डोंग्याच्या कडेवरून पाण्यात सरकलो आणि काही कळायच्या आत गुडघे गाळात रुतले. अंगातल्या फुगणाऱ्या जॅकेटमध्ये हवा भरली की वर फेकला जायचो, हवा सोडली की पुन्हा गाळात. छाती वर आणि पाय खाली, अशा तिरक्या अंगाने मारलेला प्रत्येक पाय तळ ढवळून काढत होता. तीन-चार मिनिटांत डोळ्यांसमोर धरलेला स्वतःचा हात दिसेनासा झाला.

वर आलो. डोंगा सांभाळत बसलेल्या मासेमार ढिवरकाकांनी माझा पट्टा मांडीवर घेतला, शिशाचे तुकडे बोटाने इकडे-तिकडे सरकवून पाहिले आणि म्हणाले, "वजनाचं मले ठाऊक नाई बापू, पन जागा चुकली."

वजनही चुकले होते, हे मला नंतर हिशेब मांडल्यावर कळले. पण हिशेब न मांडता त्यांनी जे पाहिले, ते मला दिसले नव्हते. या पुस्तिकेचा जन्म त्या वाक्यात आहे.

काकांना ते दिसले याचे कारण त्यांच्या जाळ्यात आहे. हाताने फेकायचे गोल जाळे कोणी हातात धरून पाहिले असेल, तर त्याच्या घेराला ओळीने बसवलेल्या शिशाच्या गोळ्या आठवतील. जाळे हवेत थाळीसारखे उघडते आणि सगळ्या बाजूंनी एकदम पाण्यात बसते, ते या गोळ्यांमुळे. त्या एका बाजूला दाट आणि दुसरीकडे विरळ झाल्या, तर जाळे उघडतच नाही, गोळा होऊन पडते. शिसे तेवढेच असते, जाळे तेच असते, हातही सरावलेला असतो. तरी मासा सुटतो. म्हणून जाळे दुरुस्त करायला बसलेला माणूस गोळ्या मोजत बसत नाही, घेर बोटांमधून फिरवत दोन गोळ्यांमधले अंतर चाचपतो. पाणबुड्याच्या पट्ट्यातले शिसे आणि जाळ्याच्या घेरातले शिसे एकाच कामाला लावलेले आहे: जे आपणहून बुडणार नाही, त्याला हव्या त्या आकारात पाण्याखाली नेणे.

भंडाऱ्यात स्कुबाचे काय काम, असे मला जिल्ह्याबाहेरची माणसे विचारतात. जिल्ह्यातली विचारत नाहीत. हा तलावांचा जिल्हा आहे. कोहळ्यांनी बांधलेले आणि मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आलेले तलाव, ज्यांना आपण मामा तलाव म्हणतो, गावोगाव आहेत. मध्ये वैनगंगा वाहते. बावनथडी, सूर, चुलबंद तिला येऊन मिळतात. आंभोऱ्याला कन्हान मिळते. पवनीच्या खाली गोसीखुर्दचे ३३ दरवाजे आहेत. २२ एप्रिल १९८८ रोजी त्या धरणाची पायाभरणी झाली आणि पुढे पाणी अडल्यावर नदीकाठची शेते, झाडे, घरांचे चौथरे जलाशयाच्या पोटात गेले. २०२० च्या ऑगस्टअखेर, वर मध्य प्रदेशात संजय सरोवराचे पाणी सोडल्यावर, हीच वैनगंगा भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत शिरली होती. इतके पाणी जिथे आहे तिथे माणसे बुडतात. पोहायला गेलेली पोरे बुडतात, मूर्ती विसर्जन करणारे बुडतात, डोंगा उलटतो. मग नागपूरहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी येते, पण ती पोहोचेपर्यंत आणि बऱ्याचदा ती पोहोचल्यावरही पाण्यात पहिला उतरतो तो गावातला ढिवर. बिनटाकीचा, बिनचष्म्याचा, एका श्वासावर. त्याच्या मुलांपैकी काहींच्या पाठीवर आता टाकी आली आहे. त्यांच्यासाठी हे लिहिले आहे.

आणि इथेच अडचण सुरू होते. पाणबुड्यांसाठी जे शिक्षण आपल्याला मिळते, ते समुद्राचे आहे. महाराष्ट्रात ते शिकायचे तर बहुधा मालवणला जावे लागते. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची संस्था आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आणि मासे दाखवणाऱ्या होड्या आहेत. तिथले शिक्षक मनापासून शिकवतात आणि तिथे शिकलेले आयुष्यभर पुरते. पण ते शरीर खाऱ्या पाण्यात तोलायला शिकवतात. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असते, साधारण शेकडा अडीचने. एक लिटर गोडे पाणी एक किलो भरते, तर समुद्राचे एक किलो आणि वर पंचवीस ग्रॅमच्या आसपास. हे पंचवीस ग्रॅम क्षुल्लक वाटतात. आता साठ किलोचा माणूस घ्या, त्याचा सूट, टाकी, जॅकेट धरून तो सारा मिळून ऐंशी-पंच्याऐंशी लिटर पाणी बाजूला सारतो. बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकी त्याला वर उचल मिळते, हा आर्किमिडीजचा नियम आपण शाळेत घोकलेला आहे. समुद्रात त्याला जी उचल मिळते, तिच्यापेक्षा वैनगंगेत ती दोन किलोंनी किंवा त्याहून थोडी जास्त कमी मिळणार. म्हणजे तारकर्लीच्या सहा किलोंतले दोन किलो गोसीखुर्दला पोहोचताच निव्वळ ओझे झाले. मी तेच घेऊन गाळात गेलो होतो.

जाता जाता एक शंका मिटवतो, कारण आमच्या सराव शिबिरात ती दर वेळी निघते. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरपेक्षा उंचावरच्या पाण्यात उतरताना वर येण्याच्या वेळांचे वेगळे गणित करावे लागते. भंडारा अडीचशे मीटरच्या आसपास आहे. ते गणित आपल्याला लागू नाही. पाण्याच्या गोडेपणाचे लागू आहे.

दुसरी गोष्ट खोलीची. लोकांना वाटते की उथळ पाण्यात वजनाची चूक खपून जाते आणि खोलवरच ती जिवावर येते. प्रत्यक्षात मामा तलावाच्या तीन-चार मीटर पाण्यात चुकीचे वजन सर्वांत जास्त छळते. पृष्ठभागापासून दहा मीटर खाली गेलो की पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब दुप्पट होतो आणि जॅकेटमधली हवा निम्म्यावर येते. पुन्हा निम्मी व्हायला मात्र आणखी वीस मीटर लागतात. हवेचे आकारमान सर्वांत झपाट्याने बदलते ते या वरच्या थरातच. ज्याने जास्त शिसे बांधले, त्याला ते तोलायला जॅकेटमध्ये जास्त हवा ठेवावी लागते. आणि जास्त हवा ठेवली की हातभर वर गेले तरी ती फुगते आणि माणसाला आणखी वर खेचते, हातभर खाली गेले की आक्रसते आणि त्याला तळाशी ढकलते. माझी ती वर-खाली फरपट याचीच होती. वजन बेताचे असेल तर जॅकेटमध्ये हवा जवळपास लागतच नाही, आणि हातभर वर-खाली होणे श्वासावर सांभाळता येते.

आता जागेकडे येतो, कारण काकांचे बोट तिथे होते.

पाण्यात माणसाचे वजन एका ठिकाणी एकवटलेले असते आणि त्याची उचल दुसऱ्या ठिकाणी. फुप्फुसे छातीत असल्यामुळे उचल छातीकडे सरकलेली असते. मांड्या-पोटऱ्या हाडामांसाच्या, त्या खाली जातात. ही दोन ठिकाणे एकमेकांपासून दूर असली की शरीर आपोआप फिरते आणि उचलीचे टोक वर, वजनाचे टोक खाली, असे थांबते. त्यात सगळे शिसे कमरेच्या पट्ट्यात घातले, म्हणजे जे टोक आधीच खाली चालले होते त्याच टोकाला लोढणे बांधले. शरीर पाण्यात आडवे राहिले पाहिजे, सुसरीसारखे. तर पाय मागे पाणी मारतात आणि तळ शाबूत राहतो. त्यासाठी थोडे शिसे कमरेवरून काढून वर न्यावे लागते: टाकीला धरून ठेवणाऱ्या वरच्या पट्ट्यावर, खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये. किंवा टाकीच चार बोटे वर सरकवावी लागते. अॅल्युमिनियमची टाकी रिकामी असताना चौदा किलोंची असते, एवढी जड वस्तू थोडी सरकली तरी तोल कळण्याइतका बदलतो. त्याच टाकीत भरलेली हवा अडीच किलोंवर भरते आणि आपण ती श्वासागणिक संपवत असतो, म्हणून सुरुवातीला खाली ओढणारी अॅल्युमिनियमची टाकी शेवटी शेवटी वर ओढू लागते. लोखंडी टाकी तसे करत नाही. ज्याने आज अॅल्युमिनियमच्या टाकीवर सराव केला आणि उद्या लोखंडी टाकी उचलली, त्याने कालच्या आकड्यावर विसंबू नये.

शरीरांतही फरक आहेत आणि ते मोकळेपणाने बोलले पाहिजेत. आमच्या सरावाला येणारी ढिवरांची पोरे सडसडीत, पाय जाळे ओढून पिळदार झालेले. त्यांचे पाय दगडासारखे खाली जातात आणि त्यांना एकूण शिसेही फार कमी लागते. बऱ्याच मुलींचे उलटे होते, पाय वर तरंगतात आणि डोके खाली झुकते. त्यांच्यासाठी शिसे कमरेवरच ठेवणे बरोबर, टाकीवर नेणे चूक. पुरुषांच्या मापाचे हार्नेस, म्हणजे टाकी अंगाला धरून ठेवणारे पट्टे, मुलींच्या खांद्यांवरून घसरतात, पट्टा कमरेच्या हाडावर न बसता पोटावर चढतो, आणि मग तुला जमत नाही असे त्यांना सांगितले जाते. मी स्वतः हे एका मुलीला सांगितले आहे. नंतर तिच्या खांद्याच्या पट्ट्या तीन बोटे आखूड केल्या, छातीचा पट्टा खाली घेतला, आणि ती आमच्या सगळ्यांपेक्षा स्थिर राहिली. तिची मी माफी मागितली. इथे पुन्हा मागतो.

हार्नेसबद्दल या पुस्तिकेत सर्वांत मोठे प्रकरण आहे, तेव्हा इथे मूळ कल्पना तेवढी सांगतो. जॅक कूस्तो आणि एमिल गान्याँ यांनी १९४३ साली श्वासाच्या मागणीप्रमाणे हवा देणारे यंत्र बनवले, तेव्हा टाकी पाठीला साध्या पट्ट्यांनी बांधलेली होती. पुढे फुगणारी जॅकेटे आली आणि पट्टे, खिसे, हवा, शिसे सगळे एकाच कापडात शिवले गेले. वापरायला सोपे, पण एकाच मापात अडकलेले. फ्लोरिडात गोड्या पाण्याचे झरे जमिनीखालच्या गुहांतून वाहतात. त्या गुहांत शिरणाऱ्यांना तळाचा गाळ उडवणे परवडणारे नव्हते, कारण गाळ उडाला की परतीची वाट दिसत नाही. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी पाठीला धातूची पाटी आणि तिच्यातून ओवलेला एक सलग पन्नास मिलिमीटर रुंद पट्टा, अशी रचना रुळवली. पोलादी पाटी अडीच-तीन किलोंची असते. म्हणजे जे शिसे आपण कमरेला लटकवत होतो, त्यातले निम्मे पाठीच्या मधोमध, फुप्फुसांच्या अगदी वर, आपोआप जाऊन बसते. मला समुद्राच्या पुस्तकांपेक्षा या गुहावाल्यांचा अनुभव भंडाऱ्याला जवळचा वाटतो. पाणी गोडे, तळ गाळाचा, आणि गाळ उडाला की दिसणे संपले.

पण गुहावाल्यांना न भेडसावणारी एक गोष्ट आपल्याकडे आहे: पाण्यापर्यंतची चाल. इथे धक्का नाही, शिडी नाही. तलावाच्या पाळीवरून उतरायचे, बांधीच्या धुऱ्यावरून चालायचे, नाहीतर पवनीच्या घाटाच्या पायऱ्या उतरायच्या, तेही पंचवीस-तीस किलोंचा संसार अंगावर घेऊन. पाण्यात ज्या ओझ्याचे काही वाटत नाही, ते जमिनीवर मणक्यात उतरते. पाठ दुखते म्हणून सराव सोडलेली दोन मुले मला माहीत आहेत. आणि ओझे नेण्याच्या बाबतीत आपल्या भागाला बाहेरून शिकण्याची गरज नाही. रोवणीच्या दिवसांत पऱ्यांचे भारे डोक्यावर घेऊन चिखलातून चालणारी बाई डोक्यावर आधी चुंबळ ठेवते. चुंबळ वजन कमी करत नाही. टोचणारे वजन पसरवते, आणि भारा मानेच्या सरळ रेषेत आणते. कावड वाहणारा दोन्ही पारडी सारखी करूनच उठतो, आणि चालताना दांडी खांद्यावर लवू देतो. ढिवर, भोई, कहार यांच्या पिढ्यांनी पालख्या आणि पाण्याच्या घागरी अशाच वाहिल्या.

हार्नेस नेमके याच शहाणपणाने बांधावा. जमिनीवर ओझे खांद्यांनी नव्हे, कमरेच्या हाडांनी पेलायचे. म्हणून कमरेचा पट्टा आधी आणि घट्ट, खांद्याच्या पट्ट्या नंतर आणि एवढ्या सैल की खाली बंद मूठ सरकावी. मांड्यांमधून जाणारा पट्टा बहुतेक जण लाजेपायी सोडून देतात. तो सोडला की पाण्यात सगळा हार्नेस मानेकडे चढतो आणि केलेली सगळी मांडणी दोन मिनिटांत बिघडते. शिशाचे चौकोनी तुकडे कमरेच्या हाडावर येऊ देऊ नयेत, ते काळेनिळे करतात. कापडी थैलीतले बारीक छऱ्यांचे शिसे अंगाच्या वळणावर बसते आणि थैली बोथट असल्याने कुठे अडकतही नाही. आणि दोन्ही बाजूंचे वजन सारखे, कावडीसारखे. उजवीकडे टॉर्च आणि चाकू लटकवला असेल तर तोही मोजायचा.

एक नियम मात्र सोयीसाठी मोडायचा नाही. एकूण शिशाचा काही भाग एका हाताने, न पाहता, एका ओढीत सोडून देता आला पाहिजे. मन्नारच्या आखातात मोती काढणारे दोरीला बांधलेला दगड पायाशी घेऊन खाली जात. तळाला पोहोचताच दगड सोडत आणि होडीवरचा गडी तो वर ओढून घेई. वजन खाली जाण्यासाठी असते, वर येताना आडवे येण्यासाठी नसते, हे त्या दगडात आहे. शिशाचा पट्टा वापरत असाल तर तो सगळ्यात शेवटी, मांड्यांमधल्या पट्ट्याच्या वरून बांधा, नाहीतर सोडला तरी तो तिथेच अडकून राहील. टाकीवरचे शिसे सोडता येत नाही. म्हणून सगळे शिसे तिथे नेऊ नये. तोल आणि सुटका यांची ही ओढाताण प्रत्येकाने आपल्यापुरती सोडवायची आहे.

शोधकार्याबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. बुडालेल्या माणसाला शोधताना काही जण मुद्दाम जास्त शिसे बांधतात, वाहत्या पाण्यात तळ धरून राहावे म्हणून. पुरात याला कारण आहे. पण आपल्या तलावांच्या तळाशी वर्षानुवर्षांचा गाळ आहे आणि जलाशयात बुडालेली झाडे, कुंपणाच्या तारा, तुटलेली जाळी आहेत. नाग नदीचे सांडपाणी कन्हानमार्गे याच पाण्यात येते, जलपर्णी पसरते, आणि कित्येक दिवस पाण्याखाली डोळ्यांचा उपयोग शून्य असतो. तिथे शोध बोटांनी घ्यायचा असतो. जास्त वजनाचा माणूस गाळात रुततो आणि त्याचे हात स्वतःला सावरण्यात अडकतात. नेमक्या वजनाचा माणूस तळाच्या वर वीतभर राहतो आणि त्याचे हात मोकळे असतात. काठावरच्या साथीदाराच्या हातातली दोरी शिशाच्या पट्ट्याला कधीही बांधू नका. ती छातीच्या वेगळ्या पट्ट्याला, जॅकेटच्या आतून, अशी बांधा की टाकी आणि शिसे सगळे टाकून दिले तरी दोरी माणसाला धरून राहील. आईबाप काठावर उभे असतात आणि गर्दी घाई करत असते. त्या वेळी पट्टे पुन्हा तपासायला घेतलेली दोन मिनिटे कोणालाही खटकतात. ती घ्या.

शिशाविषयी एक काळजीची गोष्ट राहिली. जाळ्याच्या गोळ्या आणि आता पट्ट्याचे तुकडेही काही घरांत चुलीवर शिसे वितळवून ओततात. त्या धुराने आणि चुलीभोवती उरणाऱ्या बारीक भुकटीने शरीरात शिसे जाते आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सर्वांत जास्त धोका असतो. विकत मिळणारे वजन महाग आहे, हे मला माहीत आहे. तरीही हे काम घरात, अंगणात, पोरांच्या देखत करू नका. आणि शिसे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय जेवायला बसू नका.

पुढची प्रकरणे वाचण्याआधी वाचकाने एक काम करावे, अशी माझी विनंती आहे. छातीभर पाण्यात, सोबत माणूस ठेवून, पूर्ण साज चढवून उभे राहावे. टाकीत ५० बारच्या आसपास हवा उरलेली असावी, जॅकेट पूर्ण रिकामे करावे, नेहमीचा श्वास घेऊन पाय उचलावेत. पाणी डोळ्यांच्या रेषेत थांबले आणि श्वास सोडल्यावर शरीर हळूहळू खाली गेले, तर वजन बरोबर आहे. टाकी भरलेली असेल, तर संपणाऱ्या हवेसाठी दोन किलो जास्त धरावेत. मग आडवे होऊन, काही न हलवता, दहा श्वास मोजावेत आणि शरीर कुठे झुकते ते साथीदाराला पाहायला सांगावे. जे दिसेल ते वहीत लिहावे: तारीख, पाणी, सूट, टाकी, शिसे किती आणि शिसे कुठे. हे शेवटचे खाते कोणत्याच छापील वहीत मला सापडले नाही, म्हणून पुस्तिकेच्या मागे जोडलेल्या कोऱ्या पानांवर ते आखून दिले आहे.

माझ्या वहीत गोसीखुर्दच्या नावाची पहिली ओळ अशी आहे: सहा किलो, सगळे कमरेला, गाळ. तिच्या खाली, आठवडाभरानंतरची: चार किलो, कमरेला दोन्ही बाजूंना एक-एक, टाकीच्या वरच्या पट्ट्यावर दोन. पुढे एवढेच लिहिले आहे की त्या दिवशी तळ दिसला, आणि काका डोंग्यात बसून बुडबुडे मोजत होते.